गार इंजिनावर

निफाडला सकाळचे साडेसहा होत आलेत. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडखाली मामांची पांढरी गाडी उभी आहे. काचांवर दव साचलंय आणि चावी मिस्त्रींच्या स्वेटरच्या खिशात आहे. काल संध्याकाळी त्यांनी ती स्वतःच काढून घेतली. ‘रात्रभर गाडी इथं राहू द्या अप्पा. सकाळी मी येईस्तोवर कोणी सेल्फ मारायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही,’ असं बजावूनच त्यांनी मामांना घरी धाडलं.

रात्रभर शिवारात शेकोट्या पेटल्या होत्या. उगाव-शिवडीच्या बाजूला द्राक्षबागांवर अजून धूर रेंगाळतोय. मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत पारा असा उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे कोणी ठिबक सोडतं, कोणी बांधावर काडीकचरा पेटवतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा इथं कांद्याच्या भावाइतकाच तोंडी असतो. मामा मफलर गुंडाळून बाकावर बसलेत. घडांना पेपर लावायला बाया आठ वाजता मळ्यात येणार आहेत आणि मामांचं लक्ष सारखं घड्याळाकडे जातंय.

मिस्त्रींना घाई नाही. बोनेटला हात लावायच्या आधी ते मामांपुढे स्टूल ओढून बसतात.

‘परत एकदा सांगा. पहिल्यापासून.’

‘सकाळी सेल्फ मारला की चालू होते. पण चालू झाली की लगेच थरथरते, मिसिंग करते. काटा खाली-वर, खाली-वर. गिअर टाकून क्लच सोडला की बंद. रेस देऊन धरावी लागते.’

‘किती वेळ?’

‘पाच-सात मिनिटं. मग काही नाही. लोण्यासारखी चालते.’

‘दुपारी?’

‘दुपारी एक नंबर.’

‘आणि पावसाळ्यात?’

मामा विचारात पडतात. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला दिसत नाही. ‘पावसाळ्यात… सकाळची थोडी करायची. एवढी नाही, पण करायची.’

मिस्त्री नुसते ‘हं’ म्हणतात आणि उठतात.

गाडी 2014 ची आहे, पेट्रोलवरची, चार सिलेंडरची. गेल्या हिवाळ्यापासून मामांनी तिच्यावर बराच पैसा घातलाय. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, पेट्रोल पंपाची जाळी बदलली, एक कॉइल नवी टाकली. शहरातल्या एका ठिकाणी पाण्याचा टेम्परेचर सेन्सरही नवा बसवला. प्रत्येक वेळी गाडी बरी म्हणून ताब्यात मिळाली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा थरथरली. यात कोणाची लबाडी होती असं मला वाटत नाही. मळ्यातून निघून शहरात पोहोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि गरम गाडीत दोष सापडणारच नाही, कारण तेव्हा तो नसतोच. सगळ्यांनी तपासली ती बरी असलेली गाडी. आजारी गाडी रोज पहाटे फक्त मामाच बघत होते.

‘म्हणून तर चावी घेतली,’ मिस्त्री म्हणतात. ‘गार स्टार्ट दिवसातून एकदाच मिळतो ताई. तो वाया घालवला की दिवस गेला.’

आता ते दार उघडून आत बसतात, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनरची पिन खोचतात आणि चावी फक्त ऑनपर्यंत फिरवतात. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. इंजिन बंदच आहे. मला वाटतं आता सेल्फ मारतील, पण ते चावीवरचा हात काढून घेतात आणि स्कॅनरचा पडदा माझ्याकडे वळवतात.

‘हे वाचा.’

दोन ओळी आहेत. आत येणाऱ्या हवेचं तापमान 9 अंश. इंजिनातल्या पाण्याचं तापमान 36 अंश.

‘गाडी काल संध्याकाळपासून इथं उभी आहे,’ मिस्त्री म्हणतात. ‘रात्रभरात लोखंड, पाणी, ऑइल, हवा, सगळं एका पातळीला येतं. मग पाणी 36 कसं?’ ते बोनेट उघडून माझा हात धरून इंजिनावर ठेवतात. धातू इतका गार आहे की बोटं झटकन मागे येतात.

एकही नट न खोलता, सेल्फ न मारता केलेली ही तपासणी. शहरातल्या गॅरेजांत याहून महागडे स्कॅनर असतील. पण हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघायची वेळ पहाटेची असते आणि त्या वेळी ती गॅरेजं बंद असतात.

मामा उठून येतात. ‘म्हणजे तोच सेन्सर? तो तर नवा टाकलाय!’

‘थांबा अप्पा. आत्ता फक्त एवढंच कळलंय की कॉम्प्युटरला चुकीची खबर जातेय. खबर कोण बिघडवतंय ते अजून कळायचंय. आणि थरथर ह्याच्यामुळंच आहे का, तेही बघायचंय.’

ते गॅरेजातल्या पोराला बोलावतात. सोळा-सतरा वर्षांचा असेल, कानटोपीतून नुसते डोळे दिसताहेत. त्याच्या हातात कार्ब क्लीनरचा डबा देतात आणि काय करायचं ते नीट समजावतात. एक मिनिट मिळणार आहे, फार तर दीड. मग इंजिन तापायला लागेल आणि पुरावा पातळ होत जाईल.

सेल्फ बसतो. इंजिन उचलतं आणि लगेच डगमगायला लागतं. अख्खी गाडी हलतेय, नंबरप्लेट थडथड वाजतेय, सायलेन्सरमधून फट्-फट् असा तुटक आवाज येतोय. काटा 1000 वरून 600 वर कोसळतो, कसाबसा सावरतो, पुन्हा कोसळतो. मामा माझ्याकडे बघून मान हलवतात: हेच, रोज हेच.

पोरगा कॉइलचा पहिला कपलर काढतो. इंजिन आणखी खाली बसतं. लगेच परत लावतो. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तेवढंच खाली बसतं. दोन सेकंदांपलीकडे कपलर काढून ठेवायचा नाही असं मिस्त्रींनी आधीच बजावलंय, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. चारही सिलेंडरांनी सारखंच उत्तर दिलं. एखादं सिलेंडर मेलेलं असतं, तर त्याचा कपलर काढल्यावर फरकच पडला नसता. म्हणजे दुखणं एका प्लगचं किंवा एका कॉइलचं नाही. चौघांचं सामाईक आहे.

आता मॅनिफोल्डच्या जोडावर, रबरी नळ्यांच्या तोंडांवर क्लीनरचा फवारा. कुठून चोरून हवा शिरत असेल तर हा फवाराही तिथून आत जाईल आणि आवाज बदलेल. बदलत नाही. मग मिस्त्री स्वतः डबा घेतात, एक बारीक नळी उपसतात आणि तिच्यातून अगदी चिमूटभर फवारा सरळ इंजिनाच्या श्वासात सोडतात.

थरथर थांबते.

दोन-तीन सेकंद इंजिन सरळ, गोल आवाजात चालतं. फवारा जळून संपतो आणि पुन्हा तीच डगमग. मिस्त्री परत एकदा तसंच करतात, परत तेच होतं. ते चावी फिरवून इंजिन बंद करतात.

‘उपाशी आहे,’ ते म्हणतात. ‘जरासं खायला घातलं की शांत. पेट्रोल कमी पडतंय तिला.’

शेजारच्या टपरीवरून चहा येतो. चहावाल्याला गाडीच्या दुखण्याची पूर्ण कल्पना आहे आणि त्याच्या मते सगळा दोष पंपावरच्या पेट्रोलचा आहे. ‘इथेनॉल घालायला लागल्यापासून सगळ्यांच्याच गाड्या बिघडल्यात.’ हल्ली गॅरेजच्या बाकावर हे वाक्य रोज ऐकू येतं. मिस्त्री ते उडवून लावत नाहीत. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंडीत ते अडतं आणि 20 टक्के मिसळलेलं असलं की जुन्या गाडीला थोडं जड जातं, हे ते मान्य करतात. ‘पण मग माझी जुनी गाडी पण थरथरली असती. ती त्याच पंपावर भरतो मी. आणि कॉम्प्युटरनं गार पाणी 36 अंश वाचावं, असं काही इथेनॉल करत नाही.’ चहावाला ग्लास गोळा करून जातो. त्याला पटलेलं दिसत नाही.

मला मात्र अजून एक गोष्ट उमगत नाहीये. पाण्याचं तापमान चुकीचं वाचलं म्हणून पेट्रोल का कमी पडावं?

मिस्त्री चहा खाली ठेवतात. हा त्यांचा आवडता विषय असावा. ते शिकले प्रीमियर पद्मिनीच्या आणि जीपच्या कार्बोरेटरवर. तेव्हा डॅशबोर्डखाली चोकची दांडी असायची. थंडीत ती ओढली की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटायची, हवा कमी, पेट्रोल जास्त. गाडी तापली की माणूस हातानं दांडी आत ढकलायचा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. पण जळते ती पेट्रोलची वाफ. गार इंजिनात अर्धंअधिक पेट्रोल वाफ न होता आतल्या भिंतींनाच ओलं चिकटून राहतं. म्हणून थंडीत जास्त घालावं लागतं, तेव्हा कुठे पुरेशी वाफ होते.

‘आता ती दांडी नाही. दांडी ओढणारा माणूस म्हणजे कॉम्प्युटर. आणि त्याला इंजिनाची थंडी कळते ती फक्त ह्या पाण्याच्या सेन्सरकडून. सेन्सर म्हणाला 36, तर तो म्हणणार, अरे, इंजिन कोमट आहे, जास्त पेट्रोल कशाला?’

‘पण सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर असतो ना? तो चूक पकडत नाही?’

मिस्त्रींचा चेहरा खुलतो. ‘पकडतो. पण तो सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय बोलतच नाही. त्याला जाग येईस्तोवर गाडी आंधळी चालते. एकदा तो तापला की कॉम्प्युटर कमी पडलेलं भरून काढतो. म्हणून पाच-सात मिनिटांनी सगळं ठीक.’

आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा का लागला नाही, याचंही उत्तर त्यातच आहे. तार तुटली असती तर आकडा उणे 40 आला असता, दोन तारा चिकटल्या असत्या तर दीडशेच्या आसपास. अशा अशक्य आकड्यांवर या गाडीचा कॉम्प्युटर ओरडतो. 36 हा आकडा सभ्य आहे. त्यावर त्याला संशय घ्यायचं कारण दिसत नाही.

चहा संपतो. मामा आठचा नाद सोडून मळ्यात फोन लावतात आणि पेपर लावायचं काम कोणत्या ओळीपासून सुरू करायचं ते सांगतात.

मिस्त्री बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवतात. मग सेन्सरचा कपलर उपसतात आणि सेन्सर खोलून भोकावर अंगठा दाबून धरतात. इंजिन एकच मिनिट चाललंय, त्यामुळे पाणी अजून गारच आहे, तरी हिरवं कूलंट त्यांच्या मनगटावरून ओघळतं. पोरगा बेताचा बोल्ट आणून भोक बंद करतो.

भिंतीवर चुन्यावर पेन्सिलने एक छोटी यादी लिहिलेली आहे. 20 अंशांना सुमारे अडीच किलोओहम, 40 ला सव्वा, 80 ला तीनशे ओहम. या सेन्सरची रीतच अशी, गार असताना त्याचा विरोध जास्त, तापला की कमी. टपरीवरून स्टीलच्या पेल्यात कढत पाणी येतं, त्यात दूध मोजायचं थर्मामीटर बुडवलेलं. सेन्सरचं पितळी टोक पाण्यात, मीटरच्या दोन पिना त्याच्या दोन दांड्यांना. 80 अंशांना 0.32. गार पाणी ओतत जातात, 60 ला 0.58, 40 ला 1.15. शेवटी नळाच्या थंड पाण्यात टाकतात, आकडा तीनच्या पुढे सरकतो. पोरगा यादीशी ताडून बघतो. एकही आकडा हटलेला नाही.

सेन्सर ठणठणीत आहे.

मामा वैतागतात. साहजिक आहे. ‘मग आता काय कॉम्प्युटर बदलायचा?’

‘कॉम्प्युटरपर्यंत जायच्या आधी मध्ये काय काय आहे?’ मिस्त्री हा प्रश्न पोराला विचारतात. पोरगा चाचरत म्हणतो, ‘वायर… आन् कपलर.’ मिस्त्री विजेरी त्याच्या हातात देतात. ‘मग बघ.’

पोरगा कपलरच्या तोंडात विजेरी मारतो, डोळा बारीक करतो आणि वर बघतो. ‘घाण हाये.’

मीही वाकून बघते. करंगळीच्या पेराएवढं काळं प्लॅस्टिक, आत दोन पितळी पट्ट्या. त्यांच्यामधल्या खाचेत हिरवट-पांढरी बुरशी दाटलीये, देवघरातली तांब्याची पळी न घासता राहिली की तिच्यावर चढतं तसलं जंगाल. एका पट्टीपासून दुसरीपर्यंत त्याचा अखंड पूल झालाय. नवा सेन्सर बसवणाऱ्याने कपलर खटकन दाबला असेल, बसला असेल आणि काम झालं असेल. आत डोकवायचं कारण त्याला वाटलं नसावं.

मिस्त्री दोन इंच तार ठेवून कपलर कापतात. आता त्या तुकड्याला काहीच जोडलेलं नाही. ना सेन्सर, ना गाडी. मीटरच्या पिना त्याच्या दोन मोकळ्या टोकांना लावतात.

‘काय यायला पाहिजे?’

‘ओएल,’ पोरगा म्हणतो. मार्ग नाही, म्हणजे वीज जाणार नाही.

मीटरवर 2.1 येतं. मग 1.9. मग 2.3. आकडा एका जागी ठरत नाही, पण दोनच्या आसपासच घोटाळतो. दोन किलोओहम. कोणी न जोडलेली एक तार जंगालाच्या रूपाने तिथे बसलीये आणि सेन्सरच्या बरोबरीने खोटी साक्ष देतेय.

मिस्त्री हीटगन लावतात. दूर धरून नुसती ऊब देतात. 3.5. 6. 11. आकडा चढत जातो आणि पडद्यावर ओएल उमटतं. पूल तुटला. ते हीटगन बंद करतात, कपलर ओठांजवळ आणून ‘हा’ करून त्यावर तोंडाची वाफ सोडतात. काही क्षणांत आकडा परत उतरायला लागतो. 9. 4. 2.6.

इतका वेळ शांत असलेले मामा मीटरजवळ येतात. ‘परत करा बरं,’ म्हणतात. मिस्त्री परत करून दाखवतात. ऊब, ओएल. वाफ, दोन. मामा आता मळा विसरलेत.

हे मी आजवर बघितलेलं सर्वांत स्वच्छ निदान आहे. पहाटे दव पडतं, जंगालातला क्षार ओला होतो आणि त्यातून वीज गळते. 9 अंशांच्या थंडीत सेन्सरचा खरा विरोध चारच्या आसपास असतो. त्याला ही दोनची गळती समांतर जोडली गेली की कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतो जेमतेम सव्वा-दीड, आणि तो त्याचा अर्थ लावतो 36 अंश. इंजिन तापलं की जंगाल सुकून गळती थांबते. थोडी उरली तरी सेन्सरचा स्वतःचा विरोध तेव्हा तीनशे ओहमवर आलेला असतो, त्यापुढे ती नगण्य. म्हणून दुपारी सगळे आकडे बरोबर. म्हणून पावसाळ्यातल्या ओल्या सकाळीही थोडी थरथर. मिस्त्रींनी सकाळी विचारलेला तो प्रश्न आत्ता जागेवर बसतो.

‘ही घाण आली कुठून?’ मामा विचारतात.

‘जुना सेन्सर झिरपत असणार. त्याच्या पोटातून कूलंट वर चढतं आणि कपलरमध्ये शिरतं. हिरवं दिसतंय ना, ते तांबं-पितळ खाल्ल्याचं. सेन्सर बदलला ते चुकलं नाही अप्पा, बदलायलाच हवा होता. फक्त त्यानं पुढं काय करून ठेवलंय ते बघायचं राहिलं.’

कपलर साफ करून भागेल का, असं मी विचारते. ते तारेचं आवरण दोन बोटं सोलून दाखवतात. आतलं तांबं काळं पडलंय. कूलंट तारेच्या केसांमधून आतल्या आत वर चढत जातं. ते आणखी सोलतात, आणखी काळं. हातभर मागे गेल्यावर लखलखीत तांबं लागतं. तिथे ते तार कापतात. वरून पुसून हे जाणार नव्हतं. महिनाभरात पुन्हा हेच झालं असतं आणि तेव्हा मात्र मामांनी खरोखर कॉम्प्युटर बदलला असता.

पोरगा मोटरसायकल काढून स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि तारेसकट नवा कपलर घेऊन येतो. पुढचं काम तासाभराचं आहे. जोड मिस्त्री पोरालाच करायला लावतात. दोन तारा एकाच जागी जोडायच्या नाहीत, एक जोड पुढे, एक मागे, म्हणजे कधी आवरण घासलं तरी एकमेकांना भिडणार नाहीत. या दोन तारांना उलटसुलट असं काही नसतं, कशाही जोडल्या तरी सेन्सर चालतो, तरीही रंगाला रंगच. ‘उद्या कोणी दुसरा खोलेल. त्याला कोड्यात टाकायचं नाही.’ डाग भरला जातो, वर स्लीव्ह चढते, ऊब देऊन ती आवळली जाते. सेन्सर नव्या वॉशरवर बसतो, सांडलेलं कूलंट भरलं जातं, आतली हवा काढली जाते. कपलर लावायच्या आधी मिस्त्री सेन्सरच्या मानेभोवती कोरडं फडकं फिरवून ते उजेडात बघतात. कोरडं. नवा सेन्सर झिरपत नाही.

साडेअकरा वाजलेत. ऊन चांगलंच वर आलंय. इंजिन चालू करतात, छान चालतं. मिस्त्री पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत ते तसंच चालू ठेवतात. बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटर आयडलिंगचं शिकलेलं विसरलाय, ते त्याला पुन्हा शिकू द्यायचंय.

‘झालं तर मग,’ मामा खिशात हात घालतात.

‘काय झालं? दुपारी तर ती आधीपण चांगलीच चालत होती.’ मिस्त्री चावी पुन्हा स्वेटरच्या खिशात टाकतात. ‘उद्या या. गार इंजिनावर.’

मामांना हे आवडत नाही. काम झालंय, गाडी चालतेय, मळ्यात माणसं आहेत. पण ते वाद घालत नाहीत. मिस्त्री त्यांना स्वतःच्या मोटरसायकलवर मळ्यापर्यंत सोडतात.

दुसरी सकाळ. थंडी कालच्याइतकीच, गाडीवर दव तसंच. आज शेजारचा चहावालाही किटली घेऊन येऊन उभा आहे. मिस्त्री स्कॅनर पोराच्या हातात देतात आणि स्वतः मागे सरतात. पोरगा चावी ऑन करतो आणि मोठ्याने वाचतो.

‘हवा 8. पाणी 9.’

‘मार.’

सेल्फ बसतो आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला उचलतं. काटा 1400 च्या आसपास चढतो आणि तिथे थांबतो. नंबरप्लेट गप्प आहे. सायलेन्सरमधून पांढरी वाफ सलग बाहेर पडतेय. मिस्त्री पोराला गिअर टाकायला सांगतात. तो पहिला टाकतो, क्लच हळूहळू सोडतो, गाडी बंद न पडता हातभर पुढे सरकते. रिव्हर्स टाकतो, तेवढीच मागे येते. पाण्याचा आकडा एकेक अंशाने चढतोय, 14, 15, 16, मध्ये कुठे उडी नाही. तो जसा चढतो तसा काटा आपणहून खाली येतोय. मिस्त्री सगळा वेळ पडद्याकडे बघत उभे आहेत. साताठ मिनिटांनी काटा 750 वर येऊन टेकतो, तेव्हा ते स्कॅनरची पिन काढतात.

‘एवढ्याशा कपलरनं!’ चहावाला म्हणतो. इथेनॉलचं नाव तो आज काढत नाही.

कपलर, वॉशर, कूलंट आणि मजुरी मिळून जे बिल होतं, ते मामांनी नव्या कॉइलला मोजलेल्या पैशांपेक्षा कमी आहे. मामा ठरल्याहून जास्त द्यायला बघतात. मिस्त्री वरचे पैसे परत करतात आणि त्यांतली एक नोट पोराला देऊ देतात.

‘पंधरा दिवसांनी एकदा कूलंटची बाटली बघा,’ ते मामांना सांगतात. ‘सकाळी, गाडी चालू करायच्या आधी. पातळी रेघेखाली गेली तर फोन करा, म्हणजे कुठंतरी अजून झिरपतंय. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही.’

‘सकाळी, गार असताना,’ मामा म्हणतात आणि चावीसाठी हात पुढे करतात.